वायदा आणि वही

शिंप्याचा ‘उद्या’ कधी उजाडत नाही, अशी थट्टा आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. परंतु या ‘उद्या’चा उगम बहुधा लबाडीत नसतो, भिडेत असतो. समोरच्या माणसाला ‘नाही’ म्हणवत नाही, म्हणून जवळची तारीख तोंडून निघून जाते. जेथे मापे घेणारा, शिवणारा, हिशेब ठेवणारा आणि गिऱ्हाइकाला उत्तर देणारा माणूस एकच, तेथे ही भीड फार महाग पडते.

लग्नाच्या ब्लाउजांवर आरीच्या सुईने भरतकाम करून देणारी एखादी गृहिणी घेऊ. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि कामे झुंडीने येतात. मुहूर्त कुणासाठी थांबत नाही. मुहूर्ताच्या दुसऱ्या दिवशी तयार झालेला ब्लाउज कितीही सुबक असला तरी नवरीच्या काय कामाचा?

समजा, ही बाई आठवड्याचे ६ दिवस, रोज ७ तास कामाला बसते. एकूण तास ४२. त्यांतले १२ तास मापे, दोरा-मणी आणणे आणि फोनला उत्तरे देणे यांत जातात. सुईला उरतात ३०. एका ब्लाउजाला १० तास लागत असतील, तर आठवड्याला ३ ब्लाउज होतात. वहीत १८ कामे असतील तर नव्या गिऱ्हाइकाचे काम हाती घ्यायलाच ६ आठवडे लागणार. तेव्हा ‘तीन आठवड्यांत देते’ हे सौजन्य नव्हे. ते न केलेल्या गणिताचे उत्तर आहे.

शिवाय सगळे तास भरून ठेवणेही शहाणपणाचे नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणिती एर्लांग यांनी १९०९ साली दूरध्वनीच्या गर्दीवर जे लिहिले, त्यातून पुढे रांगेचे शास्त्र उभे राहिले. त्यातला सर्वांत साधा नमुना असा : कामे अनियमितपणे येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त असेल, तर हात शेकडा ८० वेळ गुंतलेले असता सरासरी ४ कामे साचतात; शेकडा ९० वेळ गुंतले की ९. काम थोडे वाढते, तुंबारा दुपटीहून अधिक होतो. म्हणून आठवड्यातली एक जागा रिकामी ठेवावी. एखादे आजारपण किंवा उसवलेली शिवण तीत सामावते.

आता बोलण्याविषयी. दिवसभर फोन घेतला तर सुई थांबते. मुळीच घेतला नाही तर पत जाते. उत्तरांची एक वेळ ठरवून ती सर्वांना सांगावी. काम घेताना तारीख लिहून द्यावी, काम सुरू झाले की कळवावे, आणि उशीर होणार असे दिसताच गिऱ्हाइकाने विचारण्याआधी आपण सांगावे. ‘ताई, आपले काम चार दिवस पुढे गेले आहे, मुहूर्ताआधी नक्की मिळेल’ एवढे पुरते. उशिरापेक्षा मौनच माणसाला अधिक झोंबते.

वही भरली की ‘या महिन्यात जमणार नाही’ असे सांगून दुसऱ्या कारागिराचे नाव द्यावे. ‘माझे तेवढे आधी करा’ म्हणणाऱ्या शेजारणीला मध्येच घेतले, तर मागच्या साऱ्याजणी खाली सरकतात. तगादा लावणारीला बक्षीस आणि गप्प बसणारीला शिक्षा, असा तो न्याय होतो.

यात आपल्यासारख्या गिऱ्हाइकांचाही वाटा आहे. कारागीर उशीर करणारच, असे गृहीत धरून आपण कार्याची तारीख आठ दिवस अलीकडची सांगतो. आपण खोटे सांगतो हे कारागिरालाही ठाऊक असते, म्हणून तोही ती मनावर घेत नाही. एका खोट्या तारखेला दुसरी भेटते आणि खरोखरच ज्याची निकड आहे, त्याचे कोणी ऐकत नाही. कारागिराने हिशेबाने वायदा करावा आणि गिऱ्हाइकाने खरा मुहूर्त सांगावा. तरच त्या वहीतल्या तारखांना काही किंमत राहील.