शाहीर वर्गात कधी येणार?

दिवाळी झाली की आपल्या भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार अन् पाहुणे, रात्री दंडार नाहीतर खडी गंमत. ढोलकी, तुणतुणं, झांज. वादकही उभ्यानेच वाजवतात, म्हणून ती ‘खडी’. शाहीर रंगात आला की पहाटेपर्यंत कुणी जागचं हलत नाही.

आमच्या मास कॉमच्या वर्गात मात्र ही गंमत ‘पारंपरिक माध्यमे’ या धड्यात टीप म्हणून भेटली. लिहा, मार्क घ्या, विसरा. ढोलकी काही वाजली नाही.

तिकडे दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या क्वाझुलू-नाताल विद्यापीठात झुलू लोकांचं मास्कंदी संगीत विद्यार्थी प्रत्यक्ष वाजवून शिकतात. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. पण झाडीपट्टीतल्या पोरांनी घरचीच कला शिकायला मुंबई गाठायची का?

‘शाहिराकडे डिग्री कुठंय?’ असं कुणी म्हणेल. त्याचंही उत्तर आहे. यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट खुली केली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षं मुरलेल्या जाणकाराला पदवीच्या अटीशिवाय कॉलेजात शिकवता येतं. आपल्या कितीतरी शाहिरांची तर उभी हयात यात गेली आहे.

घाई यासाठी, की यातली बरीच गाणी वहीत नाहीत, गळ्यात आहेत. शाहीर गेला की तीही जातात.

येत्या मंडईत रील जरूर काढा. पण खेळ संपल्यावर शाहिराजवळ पाच मिनिटं बसा अन् विचारा, ‘बाबा, हे कुणाकडून शिकलात? आता कुणाला शिकवता?’