भरतीच्या वेळी दिलेला शब्द

दुसरं महायुद्ध आणि कोरियाचं युद्ध या काळात अमेरिकेतले भरती अधिकारी तरुणांना शब्द देत : वीस वर्षं नोकरी करा, पुढे तुमच्या आणि कुटुंबाच्या औषधोपचारांची काळजी जन्मभर सरकार मोफत घेईल. या शब्दावर विसंबून कितीतरी जणांनी उमेदीची वर्षं सैन्यात घातली.

कायद्यात मात्र अशी हमी नव्हती. १९५६च्या कायद्याने निवृत्तांना लष्करी रुग्णालयात उपचार देऊ केले, ते खाट आणि डॉक्टर उपलब्ध असतील तरच. १९६६मध्ये बाहेरच्या उपचारांचा खर्च उचलणारी 'चॅम्पस' योजना आली. पण पासष्टी गाठून मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, लागू झाला की तिचा आधार सुटे. शीतयुद्ध संपल्यावर लष्करी तळ बंद होऊ लागले, त्यांच्याबरोबर तिथली रुग्णालयंही गेली. ज्या वयात उपचारांची सर्वाधिक गरज, त्याच वयात ही माणसं उघड्यावर पडली.

त्यांच्या बाजूने उभे राहिले कर्नल जॉर्ज 'बड' डे. व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी, जॉन मॅक्केन यांचे कोठडीतले सोबती, 'मेडल ऑफ ऑनर'चे मानकरी आणि पेशाने वकील. १९९६मध्ये त्यांनी दोन निवृत्त सैनिकांच्या वतीने सरकारवर दावा लावला. फेब्रुवारी २००१मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी सैनिकांच्या बाजूने कौल दिला. पुढच्या वर्षी पूर्ण पीठाने ९ विरुद्ध ४ मतांनी तो फिरवला. आश्वासनं दिली गेली होती, हे सरकारनेही नाकारलं नाही. पण ती देण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना नव्हता, तो फक्त काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, असं बहुमताने ठरवलं. जून २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. निकाल कायद्याला धरून असेलही. पण सरकारच्या गणवेशातल्या माणसाने दिलेला शब्द सरकारचा नाही, असं ऐंशीच्या घरातल्या सैनिकाला सांगणं हा अन्यायच होता.

या अन्यायाची थोडीफार भरपाई काँग्रेसने खटला चालू असतानाच केली होती. ३० ऑक्टोबर २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या संरक्षण कायद्यातून पासष्टीपुढच्या निवृत्तांसाठी 'ट्रायकेअर फॉर लाइफ' ही योजना जन्मली आणि १ ऑक्टोबर २००१पासून सुरू झाली. आधी मेडिकेअर पैसे भरतं, उरलेला बहुतेक खर्च ही योजना उचलते. वेगळी नोंदणी फी नाही. पण मेडिकेअरच्या 'बी' भागाचा हप्ता भरावाच लागतो. म्हणजे 'मोफत' हा शब्द इथेही पाळला गेलेला नाही.

पासष्टीच्या आतल्या निवृत्तांवरचा भार तर वाढतच गेला. डिसेंबर २०१६च्या कायद्याने 'चॅम्पस'च्या जागी आलेल्या 'ट्रायकेअर'मधली जुनी 'स्टँडर्ड' योजना मोडून २०१८पासून 'सिलेक्ट' आणली आणि सैनिकांचे दोन गट पाडले : १ जानेवारी २०१८पूर्वी भरती झालेले आणि त्यानंतरचे. नव्यांसाठी फी जास्त. जुन्या गटातल्या निवृत्तांना 'स्टँडर्ड'मध्ये नोंदणी फी कधीच नव्हती. २०२१पासून 'सिलेक्ट'साठी त्यांनाही ती भरावी लागली. पहिल्या वर्षी ती एकट्याला १५० आणि कुटुंबाला ३०० डॉलर होती.