खाऱ्या पाण्यातील शोभिवंत माशांचे त्वचारोग : विलग टाकीतील निदान व उपचार

नवे जनावर बाजारातून आणले म्हणजे जाणता शेतकरी त्याला एकदम दावणीला बांधीत नाही. काही दिवस ते वेगळे ठेवून त्याचे खाणे, शेण व अंगकांती पाहतो आणि मगच गोठ्यात घेतो. शोभिवंत मासे पाळणाऱ्यासही हाच नियम लागू आहे. किंबहुना, त्याने तो अधिक कसोशीने पाळावयास हवा. गोठ्यातील जनावरे निदान वेगवेगळ्या जागी उभी असतात. टाकीतील सर्व मासे मात्र एकाच पाण्यात श्वास घेतात.

मुंबईच्या उपनगरांत या व्यवसायाला पूरक परिस्थिती आहे. अंधेरीजवळ वर्सोवा येथे १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. कुर्ल्याच्या बाजारात शोभिवंत माशांची मोठी उलाढाल होते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घराच्या आवारात शोभिवंत मासे वाढविण्यासाठी साहाय्याची तरतूद करण्यात आली. त्यामुळे वर्सोवा, मढ, गोराई यांसारख्या किनाऱ्यावरील गावांतील कुटुंबांना हा जोडधंदा विचारात घेण्यासारखा आहे. परंतु एका रोगट माशामुळे वर्षांची मेहनत आठवड्यात वाया जाऊ शकते. क्लाऊन माशाच्या जोडीतील मादी दगावली, तर उरलेला नरच कालांतराने मादी बनतो व त्याला नवा जोडीदार जुळवावा लागतो. त्या जोडीची पुन्हा अंडी मिळेपर्यंत अनेक महिने उत्पन्न बंद राहते.

विलग टाकी कशी असावी

नवा मासा किमान ३० दिवस विलग टाकीत ठेवावा. सुमारे १०० लिटर पाण्याची साधी काचेची टाकी पुरते. तळाशी वाळू, शिंपले अथवा प्रवाळाचे दगड घालू नयेत. ते औषध शोषून घेतात आणि रोगजंतूंना आसरा देतात. माशांना लपण्यासाठी प्लॅस्टिकच्या नळाचे तुकडे पुरेत. हवेचा पंप, गाळणी, तापमापक व क्षारता मोजण्याचे उपकरण ही साधने आवश्यक आहेत.

या टाकीची जाळी, बादली व नळी स्वतंत्र असावी. रोजचे काम करताना निरोगी टाक्या आधी व विलग टाकी शेवटी हाताळावी, आणि नंतर हात धुवावेत. काही रोगजंतू हवेच्या बुडबुड्यांतून उडणाऱ्या तुषारांबरोबरही पसरतात. म्हणून दोन्ही टाक्यांत किमान १० फूट अंतर ठेवावे.

पावसाळ्यात खाडीमुखाजवळचे पाणी गढूळ होते व त्याचा खारेपणा उतरतो. असे पाणी न मोजता वापरू नये. नळाच्या पाण्यातील क्लोरिनही वापरापूर्वी नाहीसा करावा.

आधी रोग ओळखा

द्राक्षबागाईतदार भुरीवर गंधक वापरतो आणि केवड्यावर बोर्डो मिश्रण फवारतो. दोन्ही रोगांत पानावर पांढरे दिसते म्हणून तो एकच औषध वापरीत नाही. माशांच्या अंगावरील पांढरेपणाही अनेक कारणांनी येतो. पुढील लक्षणे नीट पाहावीत.

(१) पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या सूक्ष्म जीवामुळे हा होतो. मिठाच्या कणांसारखे सुटे ठिपके अंगावर व परांवर दिसतात. मासा टाकीच्या वस्तूंवर अंग घासतो.

(२) मखमली रोग. अ‍ॅमिलूडिनियम हा याचा जीव. अंगावर पिवळसर बारीक धूळ बसल्यासारखी दिसते. विजेरीचा प्रकाश बाजूने टाकला असता ती स्पष्ट होते. प्रथम कल्ले बिघडतात. म्हणून अंगावर काही दिसण्यापूर्वीच मासा धापा टाकतो, पाण्याच्या प्रवाहात तोंड करून राहतो व खाणे सोडतो. हा रोग सर्वांत वेगवान आहे. एक-दोन दिवसांतही टाकी रिकामी होऊ शकते.

(३) ब्रुकलिनेला रोग. हा विशेषतः समुद्रातून पकडून आणलेल्या क्लाऊन माशांना होतो. ठिपके नसतात, अंगावरील चिकट स्राव पांढऱ्या पापुद्र्यांसारखा सुटून लोंबू लागतो व रंग फिका पडतो.

(४) चपटे कृमी. मासा अंग घासतो, डोळे गढूळ होतात, त्वचेवर जखमा होतात. हे कृमी जवळजवळ पारदर्शक असल्याने सहसा दिसत नाहीत.

(५) लिम्फोसिस्टिस. विषाणूमुळे परांच्या कडांवर फुलकोबीसारख्या गाठी येतात. त्या आठवडेच्या आठवडे एकाच जागी राहतात. यावर औषध नाही व बहुधा गरजही नाही. स्वच्छ पाणी व सकस आहार दिल्यास गाठी हळूहळू जातात.

नजरेने खात्री होत नसेल, तर सूक्ष्मदर्शकाचा आधार घ्यावा. काचपट्टीच्या गुळगुळीत कडेने माशाच्या अंगावरील थोडा स्राव डोक्याकडून शेपटीकडे अलगद खरवडावा, त्यावर टाकीतीलच पाण्याचा थेंब टाकून झाकणकाच ठेवावी आणि लगेच पाहावे. गोल, अपारदर्शक व स्वतःभोवती फिरणारा जीव पांढऱ्या ठिपक्यांचा. गडद, लंबगोल व न हलणारा मखमली रोगाचा. आणि हृदयाच्या आकाराचा, सरपटत जाणारा जीव ब्रुकलिनेलाचा होय. हे काम प्रथम जाणकाराकडून शिकून घ्यावे.

चपट्या कृमींची परीक्षा गोड्या पाण्याने करता येते. क्लोरिन काढलेले, टाकीइतक्याच तापमानाचे व सामूचे गोडे पाणी बादलीत घेऊन त्यात मासा ३ ते ५ मिनिटे ठेवावा. कृमी असल्यास ते पांढरे होऊन तळाशी पडतात. मासा आडवा पडल्यास त्यास तत्काळ परत खाऱ्या पाण्यात सोडावे.

उपचार

ठिपक्यांचा व मखमली रोग यांवर तांबे गुणकारी आहे. शेतकरी ज्यास मोरचूद म्हणतात, तोच हा पदार्थ. तथापि शेतीचा मोरचूद येथे मुळीच वापरू नये, कारण तो पुरेसा शुद्ध नसतो. प्रयोगशाळेच्या प्रतीचा मोरचूद ४ ग्रॅम घेऊन एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावा. या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये सुमारे १ मिलिग्रॅम तांबे असते. टाकीत दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे राहावयास हवे. म्हणजे १०० लिटर पाण्यास एकूण १५ ते २० मिलिलिटर द्रावण लागते. ते एकदम न ओतता रोज ५ मिलिलिटरप्रमाणे तीन-चार दिवसांत द्यावे. तांबे मोजण्याच्या संचाने दिवसातून दोनदा मोजणी करावी. ०.१५ च्या खाली रोग मरत नाही, ०.२० च्या वर मासा मरू लागतो. हे प्रमाण तीन आठवडे अखंड राखावे. बाजारातील संयुक्त तांब्याच्या औषधांचे प्रमाण निराळे असते. तेथे वेष्टनावरील सूचना पाळावी. कोळंबी, खेकडे व प्रवाळ तांब्याने मरतात.

ठिपक्यांच्या रोगावर खारेपणा उतरविण्याचाही उपाय आहे. दोन दिवसांत हळूहळू गोडे पाणी मिसळून क्षारता हजारी १५ ते १६ भागांवर आणावी आणि चार आठवडे तेथेच ठेवावी. या काळात पाण्याचा सामू घसरतो, म्हणून तो रोज तपासावा. मखमली रोगास मात्र हा उपाय चालत नाही. तो जीव कमी क्षारतेतही तग धरतो. म्हणूनच दोन रोगांतील फरक ओळखणे अगत्याचे आहे.

ब्रुकलिनेलावर तांबे निरुपयोगी ठरते. तेथे फॉर्मॅलिन वापरतात. वेगळ्या बादलीत १० लिटर टाकीचे पाणी घेऊन त्यात १.५ मिलिलिटर फॉर्मॅलिन मिसळावे, जोराने हवा सोडावी व मासा ३० मिनिटे ठेवावा. एक दिवसाआड असे तीन वेळा करावे. फॉर्मॅलिन विषारी व कर्करोगकारक आहे. हातमोजे घालून, उघड्या हवेतच काम करावे व बाटली मुलांपासून दूर ठेवावी. तळाशी पांढरा साका बसलेले फॉर्मॅलिन वापरू नये. तांबे व फॉर्मॅलिन एकाच वेळी देऊ नये.

चपट्या कृमींवर प्राझिक्वांटेल हे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. कृमींची अंडी औषधाने मरत नाहीत. म्हणून आठवड्याच्या आत दुसरी मात्रा द्यावी लागते. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने कधीही देऊ नयेत.

सर्वांत मोठी चूक

ठिपके आले, औषधाचे चार दिवस झाले, ठिपके गेले. मालकाने औषध थांबविले व मासा मोठ्या टाकीत सोडला. दोन आठवड्यांत सर्वच मासे ठिपक्यांनी भरले. असे का होते?

ठिपक्याचा जीव माशाच्या अंगावर ३ ते ७ दिवसच राहतो. नंतर तो आपण होऊन गळतो, तळाशी कवच धारण करतो आणि कवचात विभागून दोनशेपर्यंत नवे जीव निर्माण करतो. कवचातील जीवास औषध बाधत नाही. बाहेर पडून पोहणाऱ्यासच बाधते. ही कवचे कधी तीन दिवसांनी, तर कधी चार आठवड्यांनी वा त्याहूनही उशिरा फुटतात. म्हणून ठिपके जाणे म्हणजे रोग जाणे नव्हे. ठरलेली मुदत पुरी करणे हाच उपचाराचा गाभा आहे. मोठ्या टाकीत रोग शिरलाच, तर सर्व मासे उपचारासाठी बाहेर काढावेत आणि ती टाकी किमान सहा आठवडे, शक्य तर त्याहून अधिक काळ माशांवाचून ठेवावी. मासा न मिळाल्यास नवे जीव उपाशी मरतात.

उपचाराच्या काळात गाळणीतील कोळसा काढून ठेवावा, कारण तो औषध शोषतो. अमोनिया रोज तपासून आवश्यक तेवढे पाणी बदलावे. बदललेल्या पाण्यात औषधही त्याच प्रमाणात घालावे. २५ लिटर नव्या पाण्यास वरील तांब्याचे द्रावण ५ मिलिलिटर पुरते.

कार्यकर्त्यांना सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक मत्स्यपालकास एक वही ठेवण्यास सांगावे. तीत मासा आणल्याची तारीख, तापमान, क्षारता, औषधाची मात्रा, मोजणी व माशाचे खाणे यांची नोंद रोज व्हावी. भेटीच्या वेळी प्रथम ही वही पाहावी, मग टाकी पाहावी. मेलेला मासा लवकर कुजतो व त्यावरून निदान होत नाही. म्हणून आजारी मासा जिवंत असतानाच तज्ज्ञांना दाखविण्याची व्यवस्था करावी.

विलग टाकीचा खर्च अल्प आहे व ३० दिवसांचा धीर बिनखर्चाचा आहे. ज्याने हे दोन्ही सांभाळले, त्याची मोठी टाकी बहुतांशी सुरक्षित राहील.