सर्व्हरमधील स्मृतिगळती : स्वरूप व तात्पुरते उपाय

प्रस्तावना :
महाविद्यालयांचे प्रवेश, परीक्षा व ग्रंथालय यांचे कामकाज आज मोठ्या प्रमाणावर संगणकीय जाळ्यातील सर्व्हरवर अवलंबून आहे. असा सर्व्हर काही दिवस सुरळीत चालतो, नंतर मंदावतो आणि बंद करून पुन्हा सुरू केला की पूर्ववत होतो. यामागील एक महत्त्वाचे कारण म्हणजे स्मृतिगळती अर्थात ‘मेमरी लीक’ होय.

स्मृतिगळतीचे स्वरूप :
प्रत्येक विनंती हाताळताना आज्ञावली स्मृतीचा काही भाग मागून घेते. काम संपल्यावर तो परत करणे आवश्यक असते. प्रत्येक विनंतीमागे केवळ २ किलोबाइट स्मृती अडकून राहिली व दररोज १ लाख विनंत्या आल्या, तर २ गिगाबाइट स्मृती सुमारे १० दिवसांत संपते. काही तासांच्या चाचणीत असा दोष सहसा आढळत नाही.

लंडन येथील उदाहरण :
लंडन रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी संगणकीकृत व्यवस्था कार्यान्वित केली. ४ नोव्हेंबरच्या पहाटे ती बंद पडली. चौकशी अहवालानुसार, सुमारे तीन आठवड्यांपूर्वी केलेल्या एका बदलात राहून गेलेल्या आज्ञांमुळे प्रत्येक रुग्णवाहिका रवाना करताना फाइल सर्व्हरची थोडी स्मृती अडकत होती. कर्मचाऱ्यांनी आपापली वर्कस्टेशन बंद करून पुन्हा सुरू केली. परंतु दोष सर्व्हरमध्ये असल्याने उपयोग झाला नाही. राखीव सर्व्हरनेही काम हाती घेतले नाही. अखेर कागदी पद्धतीचा अवलंब करावा लागला.

तात्पुरते उपाय :
१) प्रक्रियांचे नूतनीकरण : ठरावीक काम झाल्यावर कार्यप्रक्रिया संपवून तिच्या जागी नवी सुरू करावी. प्रक्रिया संपताच तिने अडकवलेली स्मृती कार्यप्रणालीकडे परत जाते. अपाचे सर्व्हरमध्ये यासाठी ‘मॅक्सकनेक्शन्सपरचाइल्ड’ ही सूचना आहे.
२) नियोजित पुनरारंभ : कमी वर्दळीच्या वेळी सेवा पुन्हा सुरू करावी. १९९५ मध्ये बेल प्रयोगशाळेतील संशोधकांनी अशा उपायाची ‘सॉफ्टवेअर रिजुव्हेनेशन’ या नावाने मांडणी केली.
३) मर्यादा व देखरेख : सेवेच्या स्मृतिवापरास मर्यादा घालावी व वापराची नियमित नोंद ठेवावी. वर्दळ कमी झाल्यावरही आलेख दिवसेंदिवस चढतच राहिला, तर गळतीचा संशय घ्यावा.

मर्यादा :
या उपायांनी दोष नाहीसा होत नाही, केवळ त्याचा परिणाम लांबणीवर पडतो. गळती मूळ पालक प्रक्रियेत असल्यास उपप्रक्रिया बदलून लाभ होत नाही. शिवाय विनंत्या वाढल्यास स्मृती अपेक्षेपूर्वीच संपते आणि प्रवेश वा निकालाच्या दिवशीच सेवा कोलमडू शकते.

समारोप :
तात्पुरत्या उपायाने मिळालेला अवधी मूळ दोष शोधण्यासाठी वापरला पाहिजे. त्यासाठी ‘वॅलग्रिंड’सारखी साधने उपलब्ध आहेत. तसेच राखीव व्यवस्थेची प्रत्यक्ष चाचणी घेणे तितकेच आवश्यक आहे, हे लंडनच्या अनुभवावरून स्पष्ट होते.