भूमकरांच्या हाती काय?

भूम शहराचे पाणी, गटारे, दिवाबत्ती व रस्ते नगर परिषदेकडे आहेत. तिचा कारभार 1965 च्या नगर परिषद अधिनियमानुसार चालतो आणि प्रशासनाचा प्रमुख असतो मुख्याधिकारी. जाब विचारण्याचे सर्वांत धारदार साधन म्हणजे 2005 चा माहिती अधिकार. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. ते न मिळाल्यास पहिले अपील, नंतर राज्य माहिती आयोग. विनाकारण विलंब करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला रोज 250, कमाल 25 हजार रुपये दंड होतो. कागदांपुरताच हा हक्क नाही: कामाची पाहणी करता येते, साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. नव्या रस्त्याच्या बाबतीत हे फार उपयोगी, वापर मात्र क्वचित. राज्याच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा व साधारणतः 150 शब्दांपर्यंतचा असावा लागतो. त्यामुळे गल्लीतील रहिवाशांनी विषय वाटून घेतलेले बरे. अर्ज मंडळाच्या नावे नको, व्यक्तीच्या नावे हवा.

2015 चा लोकसेवा हक्क कायदा दाखले, नळजोडणी अशा अधिसूचित सेवांना मुदत घालतो. नळाला पाणी किती दिवसांनी येते, हा प्रश्न त्यात बसत नाही. प्रशासनाच्या तक्रार सुनावणीच्या लोकशाही दिनातही वैयक्तिक तक्रारच चालते. सामूहिक प्रश्नासाठी सह्यांचे निवेदन देऊन पोच घ्यावी.