श्वास आणि भीती

मराठीतील आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे रचला. अशा गावीही भाषणास उभे राहताच एखाद्या मुलाच्या तोंडून शब्द फुटत नाही. मुलांनो, असे का होते?

भीतीने श्वास जलद व उथळ होतो. गरजेहून अधिक श्वासोच्छ्वास झाल्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वायू घटतो. मग भोवळ आल्यासारखे वाटते, बोटांना मुंग्या येतात. त्या लक्षणांनी भीती वाढते आणि श्वास अधिकच धावतो.

हे चक्र श्वासानेच मोडता येते. नाकाने हळू श्वास घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास ‘कैवल्यधाम’ स्थापून प्राणायामाचा शास्त्रीय अभ्यास चालविला.

घाबरणे हा दोष नव्हे. काळजाची धडधड आपली आज्ञा मानीत नाही. श्वास मात्र मानतो.