पुलाखालचा आव्हेरों

दक्षिण फ्रान्समधला आव्हेरों जिल्हा बहुतेक प्रवासी बघतात तो मोटारीच्या काचेतून. मियो गावाजवळ तार्न नदीच्या खोऱ्यावर २००४ मध्ये पूल झाला. अडीच किलोमीटर लांब, आणि टोक ३४३ मीटरवर, म्हणजे आयफेल टॉवरपेक्षाही उंच. त्याआधी पॅरिसहून भूमध्य समुद्राकडे निघालेली मंडळी उन्हाळ्यात मियोत तासन्‌तास अडकून पडत. आता दीड-दोन मिनिटांत खोरे मागे पडते. गावाची कोंडी फुटली हे उत्तमच, पण फोटो काढून थेट समुद्र गाठणाऱ्यांची संख्याही वाढली.

इतिहास थोडक्यात. जुना रुएर्ग प्रांत क्रांतीनंतर, १७९० मध्ये, 'आव्हेरों' झाला. जुन्या प्रांतांची नावे पुसून जिल्ह्यांना नद्या-डोंगरांची नावे द्यायची, असे तेव्हाचे धोरण होते. १८०८ मध्ये नेपोलियनने शेजारी नवा जिल्हा काढला, तेव्हा इथला एक लचका तिकडे गेला. मुख्यालय रोदेझ. क्षेत्रफळ सुमारे ८,७०० चौरस किलोमीटर आणि वस्ती तीन लाखांहूनही कमी! कारभार दुहेरी आहे. प्रीफे हा पॅरिसने नेमलेला अधिकारी, तर जिल्हा परिषद लोकांनी निवडलेली. २३ मतदारसंघ, आणि प्रत्येकातून एक स्त्री व एक पुरुष अशी जोडीच निवडून येते. महिला आरक्षणाची सोडत काढण्याचा प्रश्नच नाही.

जिल्ह्याची खरी चव मात्र रोकफोर गावात. एक मेंढपाळ पोरगा गुहेत भाकरतुकडा आणि चीज ठेवून एका मुलीच्या मागे गेला. बऱ्याच दिवसांनी परतला तर चीजवर हिरवी-निळी बुरशी. भुकेपोटी त्याने ते खाल्ले आणि रोकफोर चीज जन्माला आले, अशी दंतकथा. मुलीचे पुढे काय झाले, ते कोणी सांगत नाही.

गुहांची करामत मात्र दंतकथा नव्हे. कोंबालू डोंगराचा कडा फार पूर्वी ढासळला आणि चुनखडीत उभ्या भेगा पडल्या. त्यांतून थंड, दमट हवा बारा महिने खेळत राहते. लाकोन जातीच्या मेंढ्यांच्या न तापवलेल्या दुधाचे चीज इथे आणून सुयांनी टोचतात, म्हणजे आतल्या बुरशीला हवा मिळते. ही बुरशी परंपरेने राय (rye) धान्याच्या पावावर वाढवली जाई. चीज घासणे, उलटणे, गुंडाळणे ही गारठ्यातली कामे पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केली; त्यांना 'काबानिएर' म्हणत. नाव मात्र मेंढपाळ पोराचे झाले.

या मेंढ्या चरतात ते लार्झाकचे पठार. पाऊस पडतो, पण चुनखडीतून चाळणीसारखा गळून जातो, म्हणून मेंढरांसाठी दगडी तळी बांधलेली आहेत. १९७१ मध्ये सरकारने इथली लष्करी छावणी तीन हजार हेक्टरवरून सतरा हजारांवर न्यायचे ठरवले. पुढच्याच वर्षी लांझा देल व्हास्तो नावाचा दाढीवाला इटालियन पठारावर पंधरा दिवस उपोषणाला बसला. १९३०च्या दशकात हा गृहस्थ वर्ध्याला गांधीजींपाशी राहून आला होता. 'शांतिदास' हे नाव गांधीजींनीच दिलेले. त्या उपोषणाच्या काळातच १०३ शेतकऱ्यांनी जमीन न विकण्याची शपथ घेतली. मग त्यांनी आयफेल टॉवरखाली मेंढ्या सोडल्या, ट्रॅक्टरचा मोर्चा काढला, परवानगी न घेता मेंढवाडा बांधला. १९८१ मध्ये मित्तेराँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि विस्तार रद्द झाला. सरकारने घेतलेली जमीन शेतकऱ्यांच्या संस्थेकडे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने आली.

जुनी छावणी तिथेच आहे, आणि २०१६ पासून तिथे फ्रेंच लष्कराच्या फॉरेन लीजनची तुकडी आहे. मेंढपाळ आणि सैनिक एकाच पठारावर नांदतात, हे पॅरिसच्या नकाशावरून कळणारे नाही.

वर्धा-सेवाग्राम पाहिलेल्या मराठी माणसाने पुलावरून पुढे न जाता मियोला उतरावे. रोकफोर तिथून साधारण पंचवीस किलोमीटर. गुहेत शिरताना, भर ऑगस्टातही, स्वेटर बरोबर असू द्यावा.